खिरीत गेलेली मॅकरोनी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत की आदल्या दिवशी घरी खिम्याच्या सॉसमधला पास्ता केला होता. मग धाकटीने विचारलं, "आजी, तू लहानपणी असलं काही खाल्लं होतंस का?" मी हो म्हटलं. सोलापुरात, चुलीवर केलेलं. तुम्ही दोघं इतकं हसलात की पुढचं सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहून पाठवते आहे. अक्षर अडलं तर आईला वाचायला सांगा, पण तिला मधली वाक्यं गाळू देऊ नका. तिला ती सवय आहे.

क्रमाने सांगते. आम्ही रेल्वेच्या चाळीवजा क्वार्टरमध्ये राहत होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परस. माझे वडील गुड्स ऑफिसात कारकून होते. घरात वडील, आई, थोरली ताई, मी, वडिलांची आई आणि वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, अशी माणसं. मी तेव्हा इंग्रजी पाचवीत होते, म्हणजे तुमच्या हिशेबाने नववीत. पुढे मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याची सुरुवात त्याच शाळेत झाली.

आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे ती मटण खात नसे. बाकीचे खात. मटणाची चूल परसात वेगळी, पातेली वेगळी, पळीसुद्धा वेगळी. ती भांडी आत आली तर आजी बाहेर जाई, इतका सरळ हिशेब होता. आजी कुंभारीची. शहरात येऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती, पण तिची बोली काही शहरात आली नव्हती.

आत्या लवकर विधवा झाली होती. सासर अकलूजला, मोठी शेती, मोठा गोठा. नवरा गेल्यावर वडील तिला माहेरी घेऊन आले. ताईचं लग्न वैशाखात ठरलं आणि त्याच सुमाराला आत्याच्या दिराचा निरोप आला की लग्नाला येतो आहे, जाताना वहिनीला घेऊन जाईन, घरात पोरंबाळं आहेत, बघायला कुणी नाही. निरोप गोड होता. त्याचा अर्थ आत्याला नीट कळत होता. एकदा तिकडे गेली की चूल आणि गोठा यांच्यामध्ये तिचं उरलेलं आयुष्य जाणार होतं, आणि कुणी तिला विचारणारही नव्हतं. त्या दिवसापासून तिचं हसणं कमी झालं. आत्याचं हसणं कमी झालं की आमच्या घरात सगळ्यांनाच चुकल्यासारखं होई.

नेमकं तेव्हाच आमच्या शाळेच्या बोर्डिंगची जुनी मेट्रन म्हातारपणामुळे गावी जायला निघाली. शाळेच्या मुख्य शिक्षिका विलायती होत्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. त्यांचं सगळं तारुण्य सोलापुरात गेलं होतं. मराठी पुस्तकातून शिकलेलं, आणि मग त्यावर सोलापूर चढलेलं. "तुझा निबंध लई चांगला आहे," असं त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणत. मी धीर करून त्यांना त्या जागेसाठी आत्याबद्दल सांगितलं. ती किती चांगला स्वयंपाक करते, घर किती नीट ठेवते, हे सगळं सांगितलं.

वडिलांचं मन द्विधा होतं. बहीण कामाला घराबाहेर राहणार म्हटल्यावर लोक बोलतील, ही एक बाजू. बहीण अकलूजला कुढत बसेल, ही दुसरी. शेवटी ते म्हणाले की मोठ्या बाई स्वतः घरी येऊन मागणी घालत असतील तर मी नाही म्हणणार नाही. एखाद्या स्थळाबद्दल बोलावं तसं बोलले.

मोठ्या बाई यायला तयार होत्या, पण त्यांची एक अट होती. माणूस पारखायची त्यांची एक रीत होती. ज्याला जे येतं ते त्या कधीच करायला सांगत नसत. गायला येणाऱ्या मुलीला त्या गणित घालत आणि गणितातल्या मुलीला गायला लावत. त्यांनी मुंबईहून आणलेला मॅकरोनीचा एक पुडा मला दिला. सांगितलं की तुझ्या आत्याने कधी न पाहिलेली ही वस्तू आहे, हिचं जेवण तिने मला शनिवारी संध्याकाळी करून घालावं. आपल्या आईच्या हातची रीतही सांगितली: मॅकरोनी मिठाच्या पाण्यात उकडायची, पाणी टाकून द्यायचं, खिमा कांद्यात परतून टोमॅटोत शिजवायचा, मग दोन्ही एकत्र करायचं. वरून चीज किसायचं, पण चीज सोलापुरात मिळणार नाही, तेव्हा ते सोडा.

मी घरी येऊन पुडा आत्यापुढे ठेवला आणि रीत मराठीत सांगितली. बोटाच्या पेराएवढ्या, पिवळसर, आरपार पोकळ नळ्या होत्या. आत्याने एक नळी डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसली. शेवयाही उकडून निथळतातच की, म्हणाली, त्यात काय अवघड हाय. मग मुंग्या लागू नयेत म्हणून तिने पुडा सोडून नळ्या एका स्वच्छ पितळी डब्यात भरल्या आणि डबा फळीवर ठेवला.

आता त्या फळीबद्दल सांगितलं पाहिजे. घरात लग्न, म्हणून वळवट चाललं होतं. वळवट म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. बन्सी गव्हाच्या रव्याची कणीक घट्ट भिजवायची आणि तिच्यापासून बोटांनी नाना आकार वळायचे. गव्हाच्या दाण्याएवढे ते गव्हले, नखाने दाबलेल्या त्या नखुल्या, फणीच्या दातांवर दाबून उठवलेले ते फणोले, आणि बोटासारखे लांबट ते बोटवे. वाळवून ठेवायचे, रुखवतात मांडायचे, खिरीला वापरायचे. म्हणजे पास्ताच, पण पास्ता हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता आणि वळवट हा शब्द तुमच्या दुकानदाराला ठाऊक नाही. शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या बायका मदत म्हणून आपापल्या घरी वळून डबे भरभरून पाठवत. तसे डबे फळीवर ओळीने लागले होते. त्यांच्यात आत्याचा डबा जाऊन बसला.

लग्नाच्या वळवटाला सवाशिणींचेच हात लागायचे, अशी रीत. पुढच्या खोलीत वळायचा पाट मांडून आई, नवरी म्हणून ताई, आणि शेजारणी वळत बसत. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बसून सूचना करी, पण उंबरा ओलांडत नसे, कारण तीही विधवाच. एके काळी कुंभारीत तिच्या हातच्या गव्हल्यांचं नाव होतं, आणि आत्या तिच्याच हाताखाली शिकलेली. म्हणजे घरातले सगळ्यांत बारीक वळणारे दोन हात उंबऱ्याच्या आत आणि सगळ्यांत जाडं वळणारे बाहेर, असा तो कारभार होता. आजी आतून म्हणायची, "अगं, गव्हलं वळतीस का लेंड्या?" आणि माझी आई हसत हसत मान खाली घालून तशाच वळत राही.

शुक्रवारी दुपारी मी शाळेत आणि आत्या बाजारात गेली असताना, काही न कळवता, होटगीहून ताईच्या होणाऱ्या सासूबाई गाडीने आल्या. बरोबर त्यांची जाऊ. शालू बघायचा होता म्हणे. आई त्यांच्याशी बोलत बसली आणि गोड काहीतरी करायचं आजीवर आलं. आजीने फळीवरचा एक डबा काढला, उघडला, आणि आत एकसारखे, सुरेख, पोकळ बोटवे पाहून तिला वाटलं कुणा नात्यातल्या हुशार बाईने पाठवले असणार. तिने त्यांची खीर केली. आटीव दूध, साखर, वेलदोडा, वर जायफळ.

मी शाळेतून आले तेव्हा पाहुण्या गेल्या होत्या आणि आजी फार खुशीत होती. माझ्यासाठी वाटी झाकून ठेवली होती. मी एक घास घेतला. जिभेला नळीचं भोक जाणवलं. नळीच्या आत दूध भरलेलं, ते दातांखाली सुटलं. खरं सांगते, फार चांगलं लागलं, आणि त्याच क्षणी मला फळीवरचा आत्याचा डबा आठवला.

"आजी, हे कुठल्या डब्यातले?"

"त्या चकचकीत डब्यातलं. का गं? इहीणबाईनी दोन येळा मागून घेतलं."

मी रिकामा डबा पाहिला. आजीला सांगितलं. आजी पदराने डबा पुसू लागली, जणू पुसून तो भरणार होता. मग आईने आणखी एक गोष्ट सांगितली. विहीणबाईंनी विचारलं होतं की बोटव्यांना भोक कसं पाडलं, आणि आजीने बेधडक सांगितलं होतं की ही आमच्या घरची रीत. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, मग रुखवतात हेच ठेवा, आमच्या गल्लीत दाखवायला होतील. पण त्या क्षणी रुखवताचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

आत्या बाजारातून आली. बेलवांगी घेऊन आली होती. टोमॅटोला तेव्हा आमच्याकडे बेलवांगी म्हणत, आणि लाल रंगामुळे काही घरांत ती शिजवतही नसत. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ऐकून ती स्वयंपाकघराच्या दारात मटकन बसली. एक दिवस उरला होता. मुंबईहून दुसरा पुडा यायचा तर दोन दिवस, आणि मोठ्या बाईंचा शनिवार म्हणजे शनिवार. वडील संध्याकाळी आल्यावर म्हणाले असते, राहू दे, देवाच्या मनात नाही. आणि तसं म्हणण्यात त्यांना थोडं बरंही वाटलं असतं.

आत्याने पातेल्याच्या तळाशी राहिलेली एक नळी बोटांनी उचलली, धुतली आणि उजेडात धरून पुष्कळ वेळ फिरवून पाहिली. मग मला म्हणाली, "ह्ये कशावर तरी गुंडाळून केलंय बघ. तुझ्या त्या इणायच्या सुया आण."

मी शाळेत वडिलांसाठी स्वेटर विणत होते. पाठपोट झालं होतं, बाह्या राहिल्या होत्या. सुया काढून आणून दिल्या. रवा लग्नाचा होता, पाट लग्नाचा होता. आत्या रव्याच्या डब्याजवळ जाऊन उभी राहिली आणि आजीकडे पाहिलं.  लग्नाच्या रव्याला आत्याचे हात लागणार होते.

"आये," ती म्हणाली, "मटणात घालायच्या बोटव्याला सवाशीण लागतीय व्हय?"

आजीने विचार केला. ती रीत मोडणारी बाई नव्हती, पण रीत कुठे संपते हे तिला बरोबर ठाऊक असे.

"न्हाय लागत," ती म्हणाली. "मटणाला कसली आलीय सवाशीण? रवा घे. पाट मातूर न्हाय द्यायची. पाट लग्नाचा हाय."

म्हणून आत्याने सूप घेतलं. परसात बसली, सूप पालथं घातलं, आणि कणकेची बारीक गोळी सुईवर दाबून सुपाच्या पाठीवर एकदा पुढे फिरवली. नळी झाली. सुई ओढून घेतली तर नळी तशीच राहिली, आणि वर तिच्या अंगावर सुपाच्या विणीची बारीक नक्षी उठली. मुंबईच्या मॅकरोनीवर नक्षी नव्हती.

पण उकडायला चार टाकून पाहिल्या तर पाण्यात उलगडून पानासारख्या झाल्या. पुन्हा कणीक भिजवली, पुन्हा तेच. मी बाजूला बसून सगळं पाहत होते, आणि आजी आत माळ ओढत बसली होती. तिचे मणी काही पुढे जात नव्हते. तिसऱ्या वेळी तिच्याने राहवलं नाही.

"पानी कमी घाल की. आन भिजवून लगीच बसतीस व्हय वळायला? कणकीला जरा इसावा दे."

थोड्या वेळाने आजी उंबऱ्यावर आली. मग परसात आली. मग म्हणाली, "सरक तिकडं," आणि दुसरी सुई उचलली. मी आजीला कधी वळताना पाहिलं नव्हतं. तिचा हात सुपावरून असा जाई की जणू ती पीठ झटकते आहे, आणि खाली नळी पडलेली असे. दोघी मायलेकी समोरासमोर बसून वळत होत्या. आत्या म्हणाली, आये, तुझी वाकडी झाली. आजी म्हणाली, तुझा बाप वाकडा हुता, त्येला चालवलं, ह्ये काय घिऊन बसलीस. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, ती हसायला लागली. दिवेलागणीपर्यंत बाजेवर जुनं लुगडं अंथरून त्यावर नळ्यांच्या रांगा लागल्या. रात्रीत त्या वाळल्या, आणि सकाळच्या उन्हाने खडखडीत झाल्या. सोलापूरच्या उन्हाचा असा उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी आत्याबरोबर मी मुलाण्याच्या दुकानात गेले. खिमा सुरीनेच बारीक करून द्या, असं आत्याने बजावलं. तो म्हणाला, "क्या बनातें बाई, कबाब?" आत्या म्हणाली, खीर. तो दिवसभर कोड्यात पडला असेल.

परसातली चूल दुपारीच पेटली. कांदा गुलाबी होईपर्यंत परतला, आलं-लसूण ठेचून घातलं, मग खिमा. आत्याने तो घाईने झाकला नाही. त्याचं पाणी सुटून आटेपर्यंत, आणि कडेने तेल दिसेपर्यंत परतत राहिली. मग बेलवांगी चिरून घातली आणि चूल मंद केली. मोठ्या बाईंच्या रीतीत मीठ आणि मिरपूड एवढंच होतं. आत्याने अर्ध्या वाटेपर्यंत ते पाळलं. मग म्हणाली, बिचारीला इतकी वर्षं सोलापुरात राहून असलं आळणी कसं घालायचं, आणि चिमूटभर काळा मसाला टाकला. तुम्ही घरी कराल तेव्हा हा चिमूटभर मसाला सोडू नका. तिकडे मिळतो की नाही ते कळवा, मी पाठवते.

नळ्या उकळत्या पाण्यात पडल्या तेव्हा आम्ही सगळ्या पातेल्याभोवती उभ्या होतो. मटणाच्या चुलीजवळ न येणारी आजीसुद्धा भिंतीला टेकून लांबून बघत होती. एकही उलगडली नाही. रोवळीत निथळल्या, वरून तेलाचा हात फिरवला, आणि खिम्यात घातल्या. नक्षीच्या खाचांमध्ये रस जाऊन बसला. चीज नव्हतं, तेव्हा आत्याने उखळात कुटलेली शेंगाची चटणी वरून भुरभुरली. कुणी सांगितलं नव्हतं, पण जेवणावर काही तरी भुरभुरायचं असेल तर सोलापुरात दुसरं काय भुरभुरणार?

आता एकच प्रश्न उरला. बाईंना सांगायचं का? आई म्हणाली, कशाला सांगायचं, त्यांना कळणारही नाही. वडील म्हणाले, खोटं बोलू नये, पण विचारलं नाही तर बोलूही नये. ते ऑफिसातले होते. आत्या बाईंचं ताट पुन्हा एकदा पुसून ठेवत होती. 

मोठ्या बाई वेळेवर आल्या, पायातले बूट दारात काढून पाटावर सवयीने बसल्या. वडील समोर. आम्ही दारात. आजी त्या दिवशी बाहेर न जाता, मटणाकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. बाईंनी पहिला घास घेतला, मग दुसरा, मग तिसरा. चेहऱ्यावर काही नाही. त्या वर्गातही असंच करत, पेपर वाचताना चेहरा कोरा ठेवत. मग त्यांनी एक नळी बोटांनी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"ही मी दिलेली नाही," त्या म्हणाल्या.

वडील खाली पाहू लागले. आत्याने पदर सावरला आणि तोंड उघडलं, पण तिच्या आधी पाठमोरी आजी मोठ्याने बोलली.

"तुमची आमी खाल्ली, बाईसायेब. खीर केली. मीच केली, तिचा काय बी गुन्हा न्हाय. ह्या तिनं वळल्यात."

मोठ्या बाईंनी ऐकलं. मग त्या हसायला लागल्या. त्यांना हसताना मी त्याआधी फारदा पाहिलं नव्हतं. हसताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरला आणि ताटात पडता पडता राहिला. त्यांनी खीर कशी लागली ते विचारलं. आजीने, अजून पाठमोरीच, सांगितलं की झ्याक लागली, तुमच्याकडं साकर घालत न्हाईत का? बाई म्हणाल्या, आमच्याकडे एवढी अक्कल नाही.

त्यांनी ताट पुसून खाल्लं. वरची चटणी कसली आहे ते विचारलं आणि आणखी मागितली. मग म्हणाल्या, मला दाखवा कसं करता. दिवा घेऊन सगळे परसात. आत्या सुपापुढे बसली आणि दोन नळ्या वळून दाखवल्या. बाईंनी स्वतः करून पाहिली, तर ती चपटी होऊन सुईला चिकटून बसली. आजी आता पाठमोरी राहिली नव्हती.

"बाईसायेब, तुमचं लगीन झालंय का?" तिने विचारलं.

वडील कानकोंडे झाले. बाई म्हणाल्या, नाही झालं.

"मग या, बसा आमच्यात," आजी म्हणाली. "हितं बिनसवाशिणीच बसत्यात."

बाईंना ते पूर्ण कळलं. सोलापुरात इतकी वर्षं राहून असलं न कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी झगा आवरला आणि दोघींच्या मध्ये मांडी घालून बसल्या. सुई सोडवत सोडवत, वर न पाहता, वडिलांना म्हणाल्या, "माझ्या बोर्डिंगात रोज असंच होतं. सकाळी एक वस्तू असते, दुपारी कुणी तरी तिची खीर करून टाकतं, आणि संध्याकाळी मुली जेवायला बसतात. मला तुमची बहीण पाहिजे. तुमची परवानगी आहे का?"

वडिलांनी मागणी घालायला सांगितलं होतं, ती अशी आली. ते इतके गोंधळले की इंग्रजीत "येस मॅडम" म्हणाले.  आत्याने बाईंच्या हातातली सुई घेतली, चिकटलेली कणीक काढली, आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली.

आता रुखवताचं. लग्न जवळ आलं तशी भोकाच्या बोटव्यांची आठवण सगळ्यांना झाली. होटगीहून पुन्हा विचारणा आली की ते विसरू नका. आता ते विहीणबाईंना हवे होते, आणि आजीने तर आमच्या घरची रीत म्हणून सांगून ठेवलेलं. पुढच्या खोलीत आईने करून पाहिले. ताईने पाहिले. एका शेजारणीने तर आपल्या घरून छत्रीची काडी आणून पाहिलं. कुणाचे सुईवरून निघेनात, कुणाचे निघताना फाटत. आजी उंबऱ्याच्या आत बसून दोन दिवस हे बघत होती. तिला लेंड्यांबद्दल बोलायचीही इच्छा राहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या परसात डाळ पाखडत बसली होती. आजी उठली, पुढच्या खोलीत गेली, बायकांच्या मधून तिने लग्नाचा पाट उचलला, आणि तो घेऊन घरातून चालत परसात आली. पाट आत्यापुढे ठेवला.

"आये, ह्यो लग्नाचा हाय," आत्या म्हणाली.

"ठाव हाय मला. लग्नाचंच वळायचंय."

"लोक काय म्हंतील?"

"इहिणीनं मागितलंय. मागितलेलं द्याया नगं?" आजीने खाली बसून सुई उचलली. "पण सुपावरच वळ. पाटावर नक्षी येत न्हाय. पाट नुसता शेजारी राहू दे."

पाट शेजारी राहिला. सूप मांडीवर. पुढच्या खोलीतल्या बायका एकेक करून मागे आल्या आणि दारात उभ्या राहून बघू लागल्या. एक शेजारीण काही तरी कुजबुजली, तेव्हा माझ्या आईने, जी कधीच कुणाला काही बोलत नसे, तिला सांगितलं की वळता येत असेल तर या, नाही तर उजेड अडवू नका.

रुखवतात ते बोटवे परातीत मधोमध होते. दीर अकलूजहून आला, त्याने ते पाहिले, आणि जेवता जेवता वहिनीला केव्हा न्यायचं म्हणून विचारलं. वडील त्याला म्हणाले की ती बोर्डिंगची मेट्रन झाली आहे, सुट्टीच्या दिवशी भेटायला येत जा, पण आधी कळव, बाई शिस्तीच्या आहेत. हे वाक्य त्यांनी तयारी करून ठेवलं होतं. आत्या तेव्हा वाढत होती. दिराच्या पानात तिने स्वतः दोनदा खीर वाढली, आणि दुसऱ्यांदा वाढताना हसली.

पुढे कितीतरी वर्षं तिने ते बोर्डिंग चालवलं. महिन्यातून एक शनिवार त्या मुलींना खिम्यातल्या नळ्या मिळत, आणि ज्या मुली खात नसत त्यांना त्याच नळ्यांची खीर. नळ्या मुलीच एका बाकावर बसून वळत. कोण सवाशीण आणि कोण नाही हे त्या बाकावर कुणी विचारत नसे.

माझ्या सुया काही परत आल्या नाहीत. आत्या त्या बोर्डिंगात घेऊन गेली आणि मागितल्या तर म्हणे, त्या आता सरकारी झाल्या. वडिलांचा स्वेटर बाह्यांशिवायच राहिला. तो ते थंडीत सदऱ्यावरून घालून ऑफिसात जात, आणि कुणी बाह्यांबद्दल विचारलं तर सांगत, बहिणीला नोकरीला दिल्या.